तारव्याची दुपार

किनाऱ्यावरच्या त्या गावच्या इस्पितळात हल्ली शस्त्रक्रियेच्या खोलीत जाताना कुणी रडत नसे. सुई नव्हती, नाकावर धरायची नळी नव्हती. टेबलाच्या डोक्याशी परातीएवढी एक पांढरी तबकडी टांगलेली असे. डॉक्टर केसरीनाथ कालेकर तिचं बटण दाबत आणि पेशंटशी इकडचं तिकडचं बोलत राहत. काल काय जेवलात, घरी गुरं किती, असं काहीतरी. उत्तर देता देताच माणूस झोपी जाई. मग त्याला चिमटा काढा की तोंडावर पाणी मारा, जाग म्हणून येत नसे. बटण बंद केलं की थोड्या वेळानं तो डोळे उघडी आणि राहिलेलं वाक्य पुरं करी. एका म्हातारीनं तर टाके घालून झाल्यावर "आणि एक वासरू" असं सांगितलं होतं. नर्सा दिवसभर हसत होत्या.

मेंदू झोपेत शिरतो तेव्हा त्याच्यात फार संथ लाटा उठतात. तबकडी तशाच लाटा बाहेरून पाठवी आणि मेंदू तिच्या तालावर येई, एवढंच त्यातलं मर्म. शास्त्रज्ञांनी त्या लाटांना मंद्रलहरी असं नाव दिलं होतं. लोक त्या तबकडीला निजवणी म्हणत.

केसरीनाथ मूळचा या गावचा नव्हता. दक्षिणेला पुष्कळ दिवसांच्या जलप्रवासावर तारवा नावाचं बेट आहे, तिथला. फार पूर्वी कोकणातली काही कुटुंबं लवंगेच्या मळ्यांवर कामाला म्हणून तिकडे नेली, ती तिथंच रुजली. भाषा हीच, जेवण हेच, फक्त बोलण्याला एक हेल. पुढे मळेवाले गेले, देश स्वतंत्र झाला, आणि काही वर्षांत आरमारातल्या एका अधिकाऱ्यानं तो घशात घातला. त्याला नावानं हाक मारायची सोय नव्हती. थोरले नाखवा म्हणायचं, आणि तेही उभं राहून.

केसरीनाथचे मेहुणे पुंडलिक मास्तर तिथल्या शाळेत शिकवत. वर्गाच्या भिंतीला ओल आली म्हणून त्यांनी नाखव्याची तसबीर उतरवून बाकावर ठेवली. मधल्या सुट्टीत एक पोर त्या बाकावर जाऊन बसलं. एवढ्यावरून मास्तर किल्ल्यातल्या तुरुंगात गेले. केसरीनाथनं बाजारात चार माणसांसमोर त्याबद्दल तोंड उघडलं, आणि त्याच आठवड्यात त्याला एका बोटीत जाळ्याखाली लपून पळावं लागलं. मागे राहिली थोरली बहीण द्वारका, मास्तरांची बायको, आणि तिची लहानगी मंजुळा. खलाशांकडून कधीमधी द्वारकाचा निरोप यायचा. मास्तर जिवंत आहेत. मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. मंजी माझ्याएवढी उंच झाली, मामाला विचारते.

पावसाळा सरता सरता मेजर रेवती शिर्के इस्पितळात आल्या. समुद्रकाठच्या अनेक देशांनी मिळून उभ्या केलेल्या समुद्रसंघाच्या फौजेत त्या होत्या, आणि मराठी बोलत म्हणूनच त्यांना तारव्याचं काम दिलं होतं. त्यांनी तबकडीखाली हात धरून पाहिला, जणू ऊन लागतंय का ते बघत होत्या. मग सांगितलं, की संघानं अशीच एक निजवणी विमानांवर चढवली आहे. दहाबारा विमानं उंचावर घिरट्या घालत राहिली, तर खालचं एक अख्खं शहर झोपी जातं. तेवढ्यात फौज शिरणार, नाखव्याला उचलणार, तुरुंग उघडणार. गोळी सुटणार नाही. तान्ह्या मुलांना, म्हाताऱ्यांना, पोटुशींना ही झोप किती वेळ सोसेल, ते त्यांना एका भूलतज्ज्ञाकडून हवं होतं.

केसरीनाथनं सगळं नीट समजावून सांगितलं. तीन तासांपर्यंत कुणालाही धोका नाही. मेजरबाईंनी मान हलवली, पण त्या उठल्या नाहीत.

"दुसऱ्याच्या देशात शिरून त्यांचा राजा उचलायचा," त्या म्हणाल्या, "हे करावं का, डॉक्टर? मला हुकूम आला की मी जाणारच आहे. पण हा प्रश्न मला झोप लागू देत नाही."

"झोपेची सोय आहे माझ्याकडे," केसरीनाथ म्हणाला.

त्या हसल्या नाहीत. मग तोही गंभीर झाला आणि त्यानं पुंडलिक मास्तरांच्या बोटांची हकीकत सांगितली. शेवटी म्हणाला, "मेजरबाई, हा प्रश्न किल्ल्याच्या आत जाऊन विचारा. बाहेर बसून विचारायचा तो नाही."

संघाची एक अट होती. ज्या देशात जायचं, तिथल्या लोकांनी बोलावल्याशिवाय जायचं नाही. तारव्यातल्या लोकांना विचारणं शक्य नव्हतं. ज्याला विचारलं असतं त्याला नाखव्यानं शिल्लक ठेवलं नसतं. म्हणून देशाबाहेर पडलेल्यांना विचारायचं ठरलं. केसरीनाथच्या गावात तारव्यातून पळून आलेल्यांचं एक मंडळ होतं. जाळ्यांच्या दुकानावरच्या माडीत ते जमत. केसरीनाथ धरून पाच जण होते, पाचही पुरुष. त्यांनी हो म्हटलं, की ते तारव्याचं हो धरलं जाणार होतं.

त्या दिवशी माडीवर मेजरबाईंसमोर बराच वाद झाला. बंदरातले जुने कारकून भिकूअण्णा तोडणकर यांना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की लोक झोपेतून उठतील आणि वरचा माणूस बदललेला असेल. त्यात त्यांचा हात काय लागला? नाखवा वाईटच आहे, पण त्याला खाली ओढताना आपल्या माणसांनी निदान डोळे तरी उघडे ठेवायला हवेत.

"अण्णा, तुम्ही तर मीटिंगमध्येसुद्धा झोपता," कापडवाले इब्राहिमभाई काझी म्हणाले.

"झोपतो. पण उठवायला तुम्ही लागत नाही," अण्णा म्हणाले, आणि सगळे हसले.

तेवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण केसरीनाथला त्यांचा राग आला होता. तो म्हणाला, "अण्णांच्या घरचं आत कुणी नाही. त्यांना थांबायला वेळ आहे."

 अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, आणि मत घेतलं तेव्हा इतरांबरोबर हात वर केला.

मग वेळेचा प्रश्न आला. रात्री नाखवा किल्ल्याच्या तळघरात झोपे. त्याच्या भिंती शिशानं मढवलेल्या होत्या आणि तिथं कुठलीच लहर पोचत नव्हती. सकाळी रस्त्यांवर गाड्या, शाळेला निघालेली मुलं, पेटलेल्या चुली. संध्याकाळी होड्या बंदराच्या तोंडाशी गर्दी करतात. मेजरबाई एकेक वेळ खोडत चालल्या होत्या.

"दुपार," केसरीनाथ म्हणाला.

आणि तो बोलू लागला तशी माडीवर सगळी शांत झाली. तारव्याची दुपार त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या डोळ्यांत होती. जेवणं झाली की दुकानांच्या फळ्या लागतात. बस आगारात जातात, त्याही झोपल्यासारख्या. चुली विझलेल्या असतात. होड्या दगड टाकून उभ्या राहतात आणि खलाशी शिडाच्या सावलीला आडवे होतात. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. खुद्द नाखवा आपल्या वाड्याच्या पडवीत वेताच्या खुर्चीवर घोरतो, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. "माणसं आधीच निजलेली असतील," तो म्हणाला, "आपण फक्त त्यांची झोप थोडी लांबवायची."

इब्राहिमभाईंनी डोळे पुसले. मेजरबाई म्हणाल्या, की त्यांच्या होड्यांचा तळ खोल आहे. जकातीच्या धक्क्यापर्यंत पाणी लागेल. ते कधी मिळेल? तेही केसरीनाथनंच सांगितलं. आमच्याकडे अमावास्येला ऐन दुपारी समुद्र पार आत गेलेला असतो. मग भरती लागते, आणि ती अशी झपाट्यानं चढते की तुमच्या होड्या वल्हं न मारता धक्क्याला लागतील. लहानपणी आपण त्या पाण्याशी शर्यत लावायचो, असंही त्यानं कौतुकानं सांगितलं.

अमावास्येची दुपार ठरली.

ठरल्या दिवशी केसरीनाथ संघाच्या जहाजावर होता. विमानं इतकी उंच होती की दिसत नव्हती. दुर्बिणीतून बंदर दिसत होतं. त्याच्या डोळ्यांदेखत एक माणूस धक्क्यावरच्या खांबाला टेकून बसला आणि त्याची मान छातीवर आली. थोड्या वेळानं काहीच हलेनासं झालं. समुद्रपक्षी तेवढे उडत होते. त्यांचा मेंदू वेगळ्या तालाचा.

फौजेच्या डोक्यावर लहरी अडवणारी शिरस्त्राणं होती. केसरीनाथलाही एक दिलं होतं. भरतीच्या पाण्यानं होड्या खरोखरच अलगद धक्क्याला नेल्या. इतक्या वर्षांनी आपल्या मातीवर पाय ठेवताना काय वाटेल याचा त्यानं पुष्कळदा विचार केला होता. पण वाटलं ते भलतंच. दारं उघडी होती आणि घराघरांत माणसं पडली होती. कुणाचं तोंड उघडं, कुणाची लाळ गळलेली. एका ओट्यावर एक बाई भांडी घासता घासता आडवी झाली होती. तिचं लुगडं गुडघ्यावर सरकलं होतं आणि शिपायांची रांग तिच्यासमोरून बूट वाजवत चालली होती. कुणी पोरगेला शिपाई तिच्याकडे बघत राहिला. केसरीनाथनं घरात शिरून एक चादर शोधली आणि तिच्या अंगावर घातली. चोरी करून पळावं तसा तो तिथून निघाला.

नाखवा पडवीतच सापडला. गंजीफ्रॉकात. पोट वरखाली होत होतं. शिपायांनी त्याला खुर्चीसकट उचललं, आणि त्याची एक सपात पायातून निसटून पडली तेव्हा ते हसले. केसरीनाथला आपणही हसावं असं वाटलं होतं, पण हसू आलं नाही. ज्याच्या नावानं आपली मान खाली जायची तो एवढासा होता.

मग किल्ला. पुंडलिक मास्तर एका कोठडीत भिंतीकडे तोंड करून निजले होते. केसरीनाथनं त्यांना आधी ओळखलंच नाही. त्यांना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा मुलाला उचलावं तसं हलकं लागलं. किल्ल्याच्या तटावर येऊन त्यानं एकदा मोठा श्वास घेतला. समोर बंदर होतं, भरलेलं, चकाकणारं. किल्ल्याच्या पाठीमागे, खारफुटीच्या पलीकडे काय आहे, ते बघायला तो वळला नाही. कुणीच वळलं नाही.

विमानं परत गेली आणि शहर जागं झालं. पहिल्यांदा आवाज आला तो तान्ह्या मुलांचा. मग हळूहळू माणसं रस्त्यावर आली. ध्वनिक्षेपकावरून मेजरबाईंचा आवाज सांगत होता की थोरले नाखवा कैदेत आहेत, तुरुंग उघडला आहे, तुम्ही मोकळे आहात. लोकांनी जल्लोष केला नाही असं नाही. इकडेतिकडे फटाके वाजले, तसबिरी फुटल्या. पण बऱ्याच जणांनी आधी आपली कापडं चाचपून पाहिली, बायकांनी पदर सारखे केले, आणि एकमेकांच्या नजरेला नजर दिली नाही. भांडी घासणारी ती बाई ओट्यावर चादर हातात धरून उभी होती. ही कुणी घातली, असं ती ज्याला त्याला विचारत होती, आणि तिचा आवाज आभार मानणाऱ्याचा नव्हता.

केसरीनाथ मास्तरांना घेऊन वरच्या आळीत बहिणीच्या दाराशी आला. द्वारका उंबऱ्यातच उभी होती. केस पांढरे झाले होते. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. तिनं मास्तरांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. रडली नाही. मग आजूबाजूला बघत म्हणाली, "मंजी कुठाय?"

"मी नाही पाहिली, बाय."

"खाजणात गेलेली सकाळची," ती म्हणाली. "तिसऱ्या काढायला. अमावास्या ना आज."

केसरीनाथला तिथल्या तिथं सगळं समजलं. 

किल्ल्यामागे खाजण आहे, दूरवर पसरलेलं चिखलाचं मैदान. मोठ्या ओहोटीला ते उघडं पडतं आणि वरच्या-खालच्या आळीतल्या बायका टोपल्या घेऊन त्यात उतरतात. तिसऱ्या, खुबे, कालवं, जे मिळेल ते वेचतात आणि भरतीचं पाणी पायाला लागलं की परततात. दुपारी देश झोपतो, आणि त्या वेळी त्या चिखलात वाकलेल्या असतात. समुद्र त्यांची जेवणाची वेळ बघून आत-बाहेर करत नाही. हे केसरीनाथला माहीत नव्हतं काय? त्याची आई जायची. द्वारका जायची. संध्याकाळच्या जेवणात तिसऱ्यांचं सुकं असलं की त्यानं हात चाटून खाल्लं होतं. दुपारी तो ओटीवर निजलेला असे आणि जागा होई तेव्हा आई परत येऊन पाय धूत असे, म्हणून त्याच्या आठवणीतली दुपार तेवढी निवांत होती. माडीवर बसून त्यांनी बस आठवल्या, होड्या आठवल्या, विझलेल्या चुली आठवल्या. भरतीसुद्धा आठवली. पाच जणांपैकी एकालाही ती चूल संध्याकाळी कशावर पेटते, ते आठवलं नाही.

सगळी आळी खाजणाकडे धावली. पाणी खारफुटीच्या बुंध्यांना लागलं होतं. रिकाम्या टोपल्या तरंगत किनाऱ्याला येत होत्या. बायका मिळाल्या त्या ओहोटी पुन्हा लागल्यावर, तिथंच, जिथं वाकल्या होत्या तिथं. वीसपंचवीस जणी होत्या. कुणीही हातपाय मारल्याच्या खुणा नव्हत्या. चेहरे झोपलेलेच होते. मंजुळाच्या मुठीत अजून वेचणीचा सुरा होता.

पुंडलिक मास्तरांना लोकांनी आधार देऊन तिथं आणलं. ते आत गेले तेव्हा मंजुळा त्यांच्या कमरेएवढी होती. समोर निजवलेल्या वाढलेल्या मुलीकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग शेजारच्या माणसाला त्यांनी हळूच विचारलं, "यांतली माझी कुठली?"

पुढचे काही दिवस तारव्यात दोनच गोष्टी बोलल्या जात होत्या, आणि एकाच तोंडानं. तुरुंगातून शेकडो माणसं घरी आली होती. किल्ल्याच्या विहिरीत हाडं सापडत होती. चहाच्या दुकानात एक जण म्हणे, नाखवा दर वर्षी याच्या कितीतरी पट माणसं मारत होता, मग हिशेब काय सांगतो? दुसरा म्हणे, हा हिशेब खाजणात गेलेल्यांच्या घरी जाऊन मांड. पहिला गप्प बसे, कारण तोही त्या घरी जाऊन आलेला असे. आणि एक प्रश्न सगळीकडे होता: दुपारची वेळ ठरवली कुणी? परक्यांनीच, असं लोक म्हणत. त्यांना काय ठाऊक आपल्या बायका कुठं असतात. आपल्यातलं कुणी असतं तर असं झालं नसतं.

हे वाक्य केसरीनाथनं दिवसातून पाच-सहा वेळा तरी ऐकलं. प्रत्येक वेळी त्यानं मान हलवली.

जहाजावर संघाची चौकशी बसली. मेजरबाईंनी त्याला एकट्याला बोलावलं. त्या एवढ्या दिवसांत वाळल्यासारख्या दिसत होत्या. त्यांनी सांगितलं की वेळ फौजेनं निवडली असं त्यांनी लिहून दिलं आहे. अखेर हुकूम त्यांचाच होता. त्यांना काय, परत जायचं आहे. त्याला इथं राहायचं आहे, बहिणीच्या दारी.

"तुम्ही मला विचारलं होतं," केसरीनाथ म्हणाला, "करावं का म्हणून."

"हो."

"मी तुम्हाला किल्ल्यात जाऊन विचारायला सांगितलं."

 मेजरबाई म्हणाल्या, "किल्ल्यातल्यांनी हो म्हटलं असतं, डॉक्टर. आजही म्हणतील. मला त्याची शंका नाही. पण आम्ही पाचच माणसांना विचारलं आणि देशाला विचारलं असं समजलो. तुमच्या अण्णांनी हात वर केला तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, की तो मनापासून नाही. मी मोजला तरीही."

त्यानं त्यांचे आभार मानले. आभार मानताना त्याला स्वतःची शिसारी आली. सुटलो, असं मनात कुठंतरी वाटलं होतं. ते वाटलं याची लाज त्याला बायकांच्या मरणाइतकीच जड झाली.

परतताना तो भिकूअण्णांच्या जुन्या घरावरून आला. अण्णाही मंडळाबरोबर आले होते, आणि ओट्यावर बसून जाणाऱ्यायेणाऱ्याला घरात बोलावत होते. केसरीनाथला बघून ते सरकून बसले, त्याला जागा व्हावी म्हणून. त्यांच्या तोंडून एक तरी टोमणा ऐकायला मिळाला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वरच्या आळीत गेला. दुकानांच्या फळ्या लागल्या होत्या, पण या दिवसांत कुणी झोपत नव्हतं. लोक दारात बसून राहत, एकमेकांवर नजर ठेवून, आपल्यावर पुन्हा झोप येऊन पडेल की काय अशा भीतीनं. द्वारकाच्या घरात मास्तर जेवत होते. त्यांची बोटं मिटत नसल्यामुळे ती घास करून त्यांच्या तोंडात देत होती. पेजेबरोबर नुसतं लोणचं होतं.

केसरीनाथ उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. दुपार परक्यांनी ठरवली नाही. मी ठरवली. अमावास्याही मीच सांगितली, आणि भरतीसुद्धा.

मास्तरांचं चावणं थांबलं. द्वारकाचा घासाचा हात तसाच राहिला. मग तिनं तो घास नवऱ्याच्या तोंडात दिला, हात धुतला, पदराला पुसला आणि दाराशी आली.

"खाजण आठवलं नाही तुला?"

"नाही, बाय."

"आईचे पाय चिखलानं कुजलेले असायचे. तेल तूच लावायचास."

"हो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर त्यानं मान खाली घातली असती. तशी ती पाहत नव्हती. लहानपणी त्याला ताप आला की कपाळावर हात ठेवून बघायची, तशी ती बघत होती, ताप किती आहे ते.

"कुणी मला विचारायला आलं असतं ना," ती म्हणाली, "कसंही करून, खलाशाकडून, तर मी हो म्हटलं असतं. बोलवा त्यांना, म्हटलं असतं. रोज नवस बोलत होते मी कुणीतरी यावं म्हणून. आणि पुढं एवढंच म्हटलं असतं, की अमावास्येला दुपारी नको. एवढं एक वाक्य, केसू."

"विचारता आलं नसतं, बाय. नाखव्यानं—"

"माहितेय. इथं मी होते, तू नव्हतास."

आत मास्तर उठायचा प्रयत्न करत होते. त्यांना जमिनीवर हात टेकून उठता येत नव्हतं. केसरीनाथ आत जायला पाऊल उचलणार, तोच द्वारकानं चौकटीवर हात ठेवला. अडवायला ठेवला की आधाराला, ते तिलाही ठाऊक नसावं. तिनं मागे वळून नवऱ्याला बसून राहा म्हणून खूण केली. चुलीवर पेज अजून होती. घरात थाळे तीन होते. एक मास्तरांपुढं होता, दोन कोनाड्यात पालथे.

"तू आला नसतास तर हे सुटले नसते," द्वारका म्हणाली. "तू आलास म्हणून ती गेली. लोकांना सगळ्यांना काय ते कळतं. नाखव्याचे लोक म्हणतात वाईट झालं, सुटलेले म्हणतात चांगलं झालं. मला एकच समजत नाही. आज दुपारी माझ्या दारात माझा भाऊ उभा आहे, उपाशी. त्याला ताट वाढायचं की नाही, हे मी विचारू कुणाला?"